डाएट-व्यायामाचे पहिले आठवडे असेच जातात का? (नागपूरकरांनो, जरा या इकडे)

खामल्याचा खादाड

नमस्कार मंडळी. वय एक्केचाळीस, बैठं काम, वजन अठ्ठ्याऐंशीच्या घरात. मार्चमध्ये रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, तीन महिने जेवण आणि व्यायाम सांभाळा, मग पुन्हा बघू. म्हणून सुरू केलं. सकाळी बागेत चालणं, आठवड्यातून तीनदा जिम. रात्रीचा भात बंद, चहा बिनसाखरेचा, भाकर, वरण, पालेभाजी, काकडी-टमाटर आणि मोड आलेलं काहीतरी. बाहेरचं बंद. म्हणजे जवळजवळ बंद.

पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरलं, दोन किलोच्या वर. ऑफिसात मी लोकांना सल्ले द्यायला लागलो होतो. मग काटा तिथेच बसला आणि आता उलटा वर सरकतोय. खाणं तेच, व्यायाम तर वाढलाय. दुपारी चार वाजले की डोकं जड होतं. घरात कोणी साधं "पाणी आणू का" विचारलं तरी मी वसकन अंगावर जातो. पोट फुगलेलं असतं. जिमच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आणि त्यात आपला एप्रिल.

हे सगळ्यांचं होतं, की माझ्या शरीराला हे मानवतच नाही? आणि सरळ कधी होतं?

तर्रीशिवाय करमेना

काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? सुरुवातीला सगळ्याइचंच असं होते. मी सुरू केलं तेव्हा बायको म्हणे, तुम्ही पहिलेच बरे होते, निदान हसत तं होते. एक काम करा. तो काटा दिवाणाखाली टाका अन् आठवड्यातून एकदाच काढा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज पाहून राहिले तं तो तुमाले येडा करीन.

बाकी ते चार वाजताचं डोकं. चहा किती कमी केला ते सांगा पहिले.

खामल्याचा खादाड

आधी पाच-सहा कप व्हायचे. आता एक, फार तर दोन. बिनसाखरेचा घशाखाली उतरतच नाही.

तर्रीशिवाय करमेना

मंग झालं. सापडला चोर.

हाडं आणि स्नायू

तर्रीभाऊंनी बरोबर नस पकडली. पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण या तक्रारी घेऊन लोक येतात आणि बहुतेक जण चुकीच्या कारणासाठी सोडून देतात.

चहा एकदम तोडला की कॅफिन तुटतं. त्याने डोकं दुखतं, चिडचिड होते, गळल्यासारखं वाटतं. हे सहसा दिवसाभरात सुरू होतं आणि आठवड्याभरात ओसरतं. तुमचं अजून चालू आहे, म्हणजे कारण दुसरंही असणार. दुपारचं जेवण फार कमी पडत असेल, किंवा घाम जातोय आणि मीठ-पाणी पुरेसं परत जात नाही. रक्तदाबाचा त्रास नसेल तर दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक घेऊन बघा, आणि चारच्या आधी मूठभर फुटाणे.

आता काटा. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा, पण त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात, साखर, मैदा कमी केला की हा साठा आधी उतरतो आणि पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातले तुमचे दोन किलो म्हणजे बहुतांश हेच. चरबी त्यात थोडीच. त्या आठवड्यात तुम्ही फार मोठा पराक्रम केला नव्हता, आणि आता फार मोठा गुन्हाही करत नाही आहात.

मग वजन वर का? कारण जिम. स्नायूंना नवा ताण पडला की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे सूज येते, सूज म्हणजे पाणी. शिवाय व्यायाम करणारा स्नायू ग्लायकोजेन जास्त साठवायला शिकतो, त्याच्यासोबत पुन्हा पाणी. चरबी कमी होत असतानाही काटा वर जाऊ शकतो तो असा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर. पाणी मात्र एका दिवसात किलोभर इकडचं तिकडे होतं. सांगा, रोजच्या वजनात तुम्हाला काय दिसणार?

त्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. एचबीएवनसी तर मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतं, ते एप्रिलमध्ये पुन्हा काढून काही हाती लागणार नाही.

पाय दुखण्याबद्दल. "लॅक्टिक ॲसिड साचलं" असं जिममध्ये सांगतात. ते व्यायामानंतर तासाभरात निघून जातं. दुखणं त्या बारीक इजेचं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. जिना उतरताना जास्त दुखतं कारण तेव्हा मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो. गंमत म्हणजे तोच व्यायाम पुन्हा केला की पुढच्या वेळी खूपच कमी दुखतं. म्हणून दर वेळी नवे प्रकार करायला लावणारा ट्रेनर सुरुवातीला टाळा. महिनाभर तेच ते कंटाळवाणे सहा-सात व्यायाम करा.

आणि एवढं लक्षात ठेवा: लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, छातीत दाबल्यासारखं झालं, किंवा सांध्यात एका जागी टोचून दुखलं, तर त्याला "सुरुवातीला होतंच" म्हणायचं नाही. डॉक्टर गाठायचा.

दोन कुकर एक गॅस

सगळे काट्याबद्दल बोलताहेत. मी ओट्याकडून बोलते.

आमच्या घरी यांचं डाएट जानेवारीत सुरू झालं. म्हणजे निर्णय यांचा, आणि सकाळी सहाला भाजी दोनदा करणारी मी. एक मुलांची नेहमीसारखी, एक यांची बिनतेलाची. सासूबाई म्हणायच्या, आजारी माणसाचं जेवण कशाला करते रोज? मुलं ताटात डोकावून हसायची. आणि हे त्या बिनतेलाच्या भाजीकडे असं बघायचे जसं काही मी सूड उगवतेय. खादाड भाऊ, तुम्ही वसकन अंगावर जाता म्हणता ना, ते किती दिवस चालणार हे तुमच्या घरच्यांनाही विचारून बघा. त्यांचा धागा वेगळा निघेल.

मग मी दोन भाज्या बंद केल्या. सांगून टाकलं, जे एकाचं तेच सगळ्यांचं. आधी आम्हा चौघांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. हिशेब केला तर माणशी रोज अडतीस ग्रॅमच्या आसपास. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर काढून ठेवते आणि त्यातच भागवते. माणशी तेवीस ग्रॅम झालं. रोजच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी कोणाला न कळता गेल्या. चवीत काय बिघडलं? पहिले आठ-दहा दिवस भाजी कोरडी लागली, मग कोणी बोललं नाही. सासूबाईंना तर अजून माहीत नाही.

आणि हे जे लोक ओट्स, किनोआ आणतात ना, मला हसू येतं. आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, झुणका. पाटोडी तळायच्या ऐवजी वाफवून वरून नुसती फोडणी. बरबटी (चवळी) भिजवून तिची उसळ, वरून मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. गोळाभात केला तर गोळे जास्त, भात कमी, आणि वरून कढवलेलं तेल ओतायचं ते चमच्याने. आधी आम्ही पळीने ओतायचो.

पोट फुगण्याचं कारण तुमच्याच यादीत आहे. पालेभाजी, काकडी, मोडाची कडधान्यं, भाकर, सगळं एकाच दिवशी सुरू केलंत. पोटाला सवय नको व्हायला? मोडाचं कच्चं खाऊ नका, शिजवून खा, आणि आठवड्यातून दोनदाच. हळूहळू वाढवा. आणि पाणी प्या, नाहीतर एवढा चोथा जाऊन उलट बद्धकोष्ठ होतं.

पंचावन्न मिनिटं

एवढं सगळं कशाला? दीक्षित डाएट करा. दोनच वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, मधे काही नाही, आणि पंचेचाळीस मिनिटं चाला. माझ्या ओळखीत कितीतरी लोकांचं वजन उतरलं. आठ दिवस भूक लागते, मग घड्याळ लावल्यासारखी दोनदाच लागते. मधे मधे फुटाणे खा म्हणणारे लोकच घोटाळा करतात.

पेन्शनर पायी

तुम्हाला जमलं, उत्तम. पण या धाग्यावर मधुमेहाच्या गोळ्या घेणारे लोकही वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द.

मी सत्तरीच्या जवळ आहे. सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चढतो. जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ग्लिमेपिराइडचा डोस आधी कमी केला आणि मगच सुरू करा म्हणाले. ही गोळी जेवलात की नाही ते बघत नाही, साखर खाली आणतेच. जेवण अर्धं, चालणं दुप्पट आणि गोळी तेवढीच, म्हणजे रस्त्यात चक्कर ठरलेली. इन्सुलिनवाल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच बदलू नये.

नागपुरात यात एक जास्तीची अडचण आहे. साखर उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, सुचेनासं होतं. एप्रिल-मेमध्ये माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल, आणि सावलीत जाऊन नुसतं पाणी पितो. मधुमेही माणसाने आधी साखर पाहावी. सत्तरच्या खाली असेल, किंवा पाहायला यंत्र नसेल तरी, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळ्यात त्याबद्दलही विचारून घ्या. आणि ते वर सांगितलेलं मिठाचं ताक आमच्यासारख्यांसाठी नाही, आम्ही बिनमिठाचं प्यावं.

पंचावन्न मिनिटं

काका, मान्य. मी गोळ्या नसणाऱ्यांबद्दल बोलत होतो.

मिहानची नाइट

सगळे सकाळी चालतात. माझी शिफ्ट पहाटे संपते. सात वाजता खोलीवर, झोप लागेपर्यंत आठ. अकरानंतर कूलर गरम हवा फेकतो. जेवण मेसचं, भाजीवर बोटभर तेलाचा थर. दोन-तीनदा सुरू केलं, दर वेळी मोडलं. रात्री तीनला जी भूक लागते ती कुठलं डाएट ऐकत नाही. काही करता येईल का, की नोकरी बदलेपर्यंत थांबू?

हाडं आणि स्नायू

थांबू नका, पण सकाळवाल्यांचं वेळापत्रकही उचलू नका. झोप कमी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. रात्री तीनची तुमची भूक खरी आहे, तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. तेव्हा तिच्यासाठी डबा ठेवा. दोन-तीन उकडलेली अंडी, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडी नको असतील तर उकडलेला चणा. कॅन्टीनच्या समोस्याकडे जाण्याआधी हे पोटात जाऊ दे.

व्यायाम उठल्यावर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आणि खरं सांगू? तुमच्या बाबतीत पहिला महिना फक्त झोपेवर घाला. खिडकीला काळा पडदा, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या, फोन दुसऱ्या कोपऱ्यात. वजन नंतर बघू.

तर्रीशिवाय करमेना

मेसच्या भाजीचं सांगतो. वाटी तिरपी करून ठेवायची दोन मिनिटं. तेल एका बाजूला येते. दुसऱ्या बाजूनं खायचं. मी हॉस्टेलात हेच करून राहिलो होतो, तेव्हा डाएटसाठी नाही, ॲसिडिटीसाठी.

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण मला थोडं वाईटपण घेऊ द्या. पाण्याचं कारण काही आठवडेच चालतं. महिना-दीड महिना होऊनही कंबर, कपडे आणि वजन तिन्ही जागचे हलले नसतील, तर ते पाणी नाही. मग खाणं मोजावंच लागतं, आणि आपण सगळे मोजताना स्वतःला झुकतं माप देतो.

"बाहेरचं जवळजवळ बंद" यातल्या "जवळजवळ"वर माझी नजर आहे. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस अर्धा तास बेताच्या वेगाने चालला तर साधारण दीडशे कॅलरी जातात. तर्री पोह्यांवर जी लाल तर्री असते ती म्हणजे रंगीत तेल. दोन मोठे चमचे तेल झालं तरी दोनशे चाळीस. पोहे, चणे, शेव अजून धरलेच नाहीत. सावजीचं ताट तर मी मोजायला गेलो नाही, मनःशांती महत्त्वाची. थोडक्यात, चालून आल्यावर परतीच्या वाटेवर टपरीपाशी थांबणाऱ्यांनी वजन का उतरत नाही हे विचारू नये.

तर्रीशिवाय करमेना

माह्यावर काहून घसरून राहिले बापा! मी रविवारीच खातो. अन् पोहेवाल्याले सांगतो, वरची तर्री नको, खालचा रस्सा अन् चणे दे. तो आता मले पाहून पळी खालीच घालते. चण्यात प्रथिनं असते ना, ताई?

हाडं आणि स्नायू

असतात. चोथाही असतो. तुमचा पोहेवाला अर्धा आहारतज्ज्ञ झालाय.

खामल्याचा खादाड

आकडेमोड साहेब, पकडलंत. शुक्रवारी ऑफिसबाहेरचे पोहे सुटले नाहीत. खालचा रस्सा मागून बघतो.

घरी दोन कुकर ताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. बायको म्हणाली, यांना विचार तेल कुठल्या बरणीत ठेवतात.

आता दोन प्रश्न. एक, या महिन्यात चार लग्नं आहेत, एक तर सख्ख्या चुलतभावाचं. दुसरं, जिमवाला म्हणतो, एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते, मग त्रास नाही. माझे एकवीस दिवस होऊन गेले, पहाटे गजर वाजला की अजून तेवढाच राग येतो.

आकडेमोड

एकवीस दिवसांचं सोडून द्या. लंडनच्या विद्यापीठात यावर अभ्यास झाला होता, २००९ साली प्रसिद्ध झाला. शहाण्णव लोकांनी एकेक नवी सवय धरली. ती अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले. सर्वांत लवकरचा १८, आणि उशिराचा अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यातच निघालं. तेव्हा लग्नाला जा.

दोन कुकर एक गॅस

लग्नाला उपाशीपोटी जाऊ नका एवढंच. आपल्याकडे मुहूर्त साडेअकराचा असला तरी पंगत दोनला बसते. तोवर सरबत, मग चिवडा, मग अजून सरबत. घरून अर्धी भाकर आणि वरण खाऊन निघा. सख्ख्या चुलतभावाच्या लग्नात जिलबीला नाही म्हणाल तर काकू चार माणसांत विचारतील, तब्येत बरी नाही का म्हणून. एक घ्या, हळू खा, मठ्ठा दोनदा घ्या.

हाडं आणि स्नायू

गजराच्या रागाबद्दल. तुम्ही चालणं आणि जिम दोन्ही एकदम पूर्ण ताकदीने सुरू केलंत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. तिथे पहिल्याच महिन्यात पोहोचलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. जिम तीनऐवजी दोन दिवस करा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे.

वेळही बदला. आता सहाच्या सुमारास उजाडतं. सव्वापाचला निघालात तर सातच्या आत घरी. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदयाला जादा काम पडतं, त्यामुळे मार्चमध्ये सोपी वाटलेली तीच फेरी एप्रिलमध्ये दमवते. याला दम कमी झाला असं समजू नका. उष्णतेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस वेग कमीच ठेवा. आणि पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की संध्याकाळचं चालणं मॉलमध्ये करा, कोणी हसत नाही.

पेन्शनर पायी

मॉलमध्ये आमचा गट असतो. फक्त खाण्याच्या मजल्यावर जायचं नाही, हा नियम.

तर्रीशिवाय करमेना

ताई, ते आंबील कसं करते तुम्ही? उन्हाळ्यात आजी द्यायची, आता घरात कोणाले येत नाही. चार वाजताच्या भुकेले चालीन ना?

दोन कुकर एक गॅस

छान चालेल. रात्री वाटीभर ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी तीन-चार वाट्या पाणी उकळायचं, त्यात जिरं आणि ठेचलेला लसूण. कालवलेलं पीठ धार धरून सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गाठी होतात. दहा मिनिटं मंद आचेवर, चकाकी आली की झालं. मीठ शेवटी. थंड झालं की घट्ट होतं, पिताना पुन्हा ताक घालून सारखं करायचं. लोखंडी कढईत करू नका, आंबटाने काळं पडतं.

खामल्याचा खादाड

पितळेचं पातेलं चालेल का? आईचं माळ्यावर पडलंय.

दोन कुकर एक गॅस

आतून कल्हई शाबूत असेल तरच. नाहीतर कळकतं, स्टीलचं घ्या.